बटाट्याची परदेशी काणी: आपल्याकडे येण्याचा धोका कसा मोजायचा?

ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी निघाली की आपण ‘काणी पडली’ म्हणतो. उसाला चाबूक काणी येते, गव्हाला मोकळी काणी. बटाट्यालाही काणी पडते, हे मात्र मंचर-खेडच्या बाजारात कुणाला विचारलं तर लोक चेष्टा समजतील. कारण ती आपल्याकडे नाही. ती दक्षिण अमेरिकेत आहे: पेरू, बोलिव्हिया, चिली, कोलंबिया, इक्वेडोर, व्हेनेझुएला, आणि वर मेक्सिको-पनामापर्यंत. तिच्या बुरशीचं नाव थेकाफोरा सोलानी.

असा आपल्याकडे नसलेला रोग येण्याचा धोका किती, हे कागदावर कसं मांडायचं त्याची ही पद्धत आहे. सरकारी भाषेत याला ‘पेस्ट रिस्क अॅनालिसिस’ किंवा नुसतं ‘पीआरए’ म्हणतात. इथे ‘पेस्ट’मध्ये बुरशी, विषाणू, सूत्रकृमी, तण सगळंच येतं. देशपातळीवरचा पीआरए केंद्र सरकारची वनस्पती संरक्षण यंत्रणा करते. पण कृषी पदवीचा विद्यार्थी, बियाणं आयात करू पाहणारी कंपनी किंवा चिप्सच्या बटाट्याचा करार करणारी शेतकरी उत्पादक कंपनी यांनाही हीच शिडी चढावी लागते. फक्त त्यांची शिडी छोटी असते.

आधी रोग नीट ओळखा

पीआरए लिहायला बसणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे थेट ‘धोका जास्त की कमी’ यावर उडी मारणं. त्याआधी एक दिवस नुसत्या ओळखीला द्या.

ही काणी जमिनीखाली काम करते. बटाट्यावर, भूस्तरावर (ज्यांच्या टोकाला बटाटे धरतात त्या जमिनीखालच्या फांद्यांवर) आणि खोडाच्या जमिनीतल्या भागावर चामखिळीसारख्या गाठी येतात. गाठ कापली की आत तपकिरी-काळे ठिपके दिसतात. ते बारीक कप्पे असतात आणि त्यांत बीजाणूंचे गोळे भरलेले असतात. वरच्या पाल्यावर सहसा काहीच दिसत नाही. झाड हिरवंगार असतं आणि शेतकऱ्याला कळतं ते काढणीच्या दिवशी. मातीत पडलेले बीजाणू सात वर्षांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे, आणि बळी पडणाऱ्या वाणांत ८०% पर्यंत नुकसान नोंदलं गेलं आहे.

यातले तीन मुद्दे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: वरून दिसत नाही, बटाटा कंदच लावून घेतात म्हणून बियाण्याबरोबर जाते, मातीत वर्षानुवर्षं राहते. पुढची प्रत्येक पायरी या तिघांभोवती फिरणार आहे.

मग नावांचा गोंधळ सोडवा. ही बुरशी १९४०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या बटाट्यावरून थेकाफोरा म्हणून वर्णिली गेली. पुढे १९७०च्या दशकात तिला अँजिओसोरस सोलानी असं नवं नाव मिळालं. ते देणाऱ्या दोघांपैकी एक होते डॉ. एम. जे. तिरुमलाचार, म्हणजे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधणारे बुरशीतज्ज्ञ. नंतर शास्त्रज्ञ पुन्हा थेकाफोरावर आले. याचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की माहिती शोधताना दोन्ही नावं टाका. एकाच नावाने शोधलंत तर काही दशकांचे संदर्भ हातातून निसटतात.

दिसण्यात सारखे असलेले रोगही वेगळे करा. चामखीळ रोग, म्हणजे सिंकिट्रियम, दार्जिलिंगच्या डोंगरात आहेच. त्याची गाठ डोळ्यातून फुटते आणि फुलकोबीसारखी दिसते, पण आत काळे कप्पे नसतात. गाठीच्या सूत्रकृमीने बटाट्याला खडबडीत फोड येतात, तेही वेगळे. उशिरा येणारा करपा तर खऱ्या अर्थाने बुरशीच नाही, तो पाणबुरशीच्या गटातला. संशय आला की गाठ मधोमध कापून बघायची. पक्की ओळख मात्र सूक्ष्मदर्शकाखाली आणि जनुकीय चाचणीनेच होते. चिलीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची रेणूपातळीवरची ओळख मांडली आहे.

पहिली पायरी: कारण आणि सीमा

पीआरए सुरू होतो तो तीनपैकी एका कारणाने. नवीन मालाच्या आयातीचा अर्ज येतो, एखाद्या रोगाची नवी बातमी येते किंवा जुना नियम बदलायचा असतो. तुमचं कारण कोणतं ते एका वाक्यात लिहा. ‘पेरूहून जंगली बटाट्याचे नमुने संशोधनासाठी आणायचे आहेत’ आणि ‘युरोपातून चिप्सच्या वाणाचं बियाणं आणायचं आहे’ या दोन गोष्टींचा धोका एकाच रोगासाठीही जमीन-अस्मानाएवढा वेगळा असतो.

सीमाही लिहा. संपूर्ण भारत, महाराष्ट्र की पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरची पाच-सहा गावं? सीमा ठरली की त्या भागात हा रोग आत्ता आहे का, हे तपासा. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे क्वारंटाइन कीड म्हणजे त्या भागाला आर्थिक धोका देऊ शकणारी, पण अजून तिथे नसलेली कीड. असली तरी ती फार पसरलेली नसावी आणि तिच्यावर सरकारी नियंत्रण चालू असावं. ‘नाही’ म्हणताना मात्र जपून. कुणी शोधलंच नाही म्हणून नाही, की शोधून सापडली नाही म्हणून नाही? या दोन ‘नाहीं’मधला फरक अहवालात दिसला पाहिजे.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, एफ्साने, याच बुरशीचं असं प्राथमिक वर्गीकरण २०१८ मध्ये केलं आहे. नमुना म्हणून वाचा, पण निष्कर्ष उचलू नका. त्यांचा व्यापार, हवामान आणि लागवड वेगळी आहे.

दुसरी पायरी: येण्याचे रस्ते

इथे वेळ घालवा. पीआरएचं निम्मं काम इथेच आहे.

एका कागदावर दोन याद्या करा. डावीकडे रोग असलेले देश, उजवीकडे त्या देशांतून आपल्याकडे येणारी बटाट्याशी संबंधित प्रत्येक वस्तू. वाणिज्य मंत्रालयाची आयात-निर्यातीची आकडेवारी सगळ्यांसाठी खुली आहे. तिथे मालाच्या कोडने शोधायचं. बियाण्याच्या बटाट्याचा कोड ०७०१ १०, इतर ताज्या बटाट्याचा ०७०१ ९०, गोठवलेल्या फ्रेंच फ्राईजचा २००४ १०. देश आणि वर्ष टाकलं की चित्र समोर येतं.

आता प्रत्येक रस्ता वेगळा मोजा.

बियाण्याचा बटाटा हा सर्वांत धोक्याचा रस्ता, कारण तो थेट मातीत जातो. बुरशीला आयतं घर, आयतं अन्न. पण भारतात बियाण्याचा बटाटा कुणीही उठून आणू शकत नाही. प्लांट क्वारंटाइन आदेश, २००३ खाली त्यावर कडक बंधनं आहेत. म्हणजे रस्ता रुंद, पण त्यावर फाटक आहे.

खाण्याचा बटाटा शिजतो. अडचण सालींची आणि फेकलेल्या सडक्या मालाची. ते उकिरड्यावर जातात आणि उकिरडा पुढे शेतात. त्यातच या बुरशीचे बीजाणू जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात, असं नोंदलेलं आहे. बटाट्याच्या साली गोठ्यात टाकायची आपली सवय लक्षात घेऊनच हा रस्ता मोजा.

माती चिकटलेली यंत्रं, अवजारं, बूट. माती आणण्यावर देशात बंदी आहेच, पण वापरलेल्या यंत्राच्या खाचेत अडकलेली मूठभर माती कागदावर ‘माती’ म्हणून येत नाही.

प्रक्रिया केलेला माल, म्हणजे फ्राईज, फ्लेक्स, स्टार्च, हा रस्ता जवळजवळ बंद. दोन ओळींत संपवा. काचेच्या नळीतली ऊतिसंवर्धित रोपं, हाही अरुंद रस्ता, कारण निर्जंतुक माध्यमात बुरशी आली तर नळीतच दिसते. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रातून जगभर वाण अशाच नळ्यांतून फिरतात.

राहिली ती बॅग. पेरूला फिरायला गेलेला उत्साही माणूस कुस्कोच्या बाजारातले जांभळे-तांबडे बटाटे बघतो, दोन-चार खिशात टाकतो आणि घरच्या कुंडीत लावतो. संख्या नगण्य, पण या रस्त्यावर फाटक नाही. नियम पाळणारी आयात आणि नियमांबाहेरची आयात या दोन ओळी अहवालात कधीही एकत्र करू नका.

आता थोडं गणित, कारण ‘बंदरावर तपासणी होते की’ हे उत्तर फार ऐकू येतं. समजा २५ टन बियाणं आलं. एक बटाटा ५० ग्रॅमचा धरला तर पाच लाख बटाटे. हजारात एक बाधित असेल तर पाचशे बाधित. निरीक्षकाने तीनशे बटाटे नीट तपासले, तर त्यांत एकही बाधित न सापडण्याची शक्यता सुमारे ७४%. तेही गाठ डोळ्याला दिसत असेल तर. निम्म्या बाधित बटाट्यांवर गाठ अजून दिसतच नसेल, तर ही शक्यता ८६% वर जाते. शंभरात एक बाधित असेल तर तीनशेचा नमुना ९५% वेळा पकडतो. हजारात एक पकडायला त्याच खात्रीने सुमारे तीन हजार बटाटे हाताळावे लागतात. ढोबळ सूत्र सोपं आहे: तीन भागिले बाधिताचं प्रमाण. आणि ते निसटलेले पाचशे बटाटे साधारण दहा हेक्टरांत पेरले जातील, म्हणजे हेक्टरी पन्नास ठिकाणी रोगाची सुरुवात.

तिसरी पायरी: आली तर रुजेल का?

जुन्या लिखाणात ही काणी अडीच-तीन हजार मीटर उंचीवरच्या थंड, ओल्या अँडीजची मानली जायची. तेवढंच वाचून पुष्कळ जण ‘आपल्याकडे हवा उष्ण, इथे कशाला टिकते’ असं लिहून मोकळे होतात. पण पुढे ती पेरूच्या समुद्रकाठच्या कोरड्या, पाटपाण्यावरच्या शेतातही सापडली. हवामानाची तुलना करायची ती रोगाच्या मूळ गावाशी नाही, तो आता जिथे जिथे आहे त्या सगळ्या जागांशी. बुरशी मातीतली, म्हणून हवेच्या तापमानापेक्षा मातीचं तापमान आणि ओल पाहा. थंडीच्या महिन्यांत पाणी देऊन घेतलेला आपला रब्बी बटाटा, आणि पावसाच्या ओलीवरचा सातगाव पठाराचा खरीप बटाटा, दोन्ही वेगवेगळे मोजा.

पर्यायी यजमान, म्हणजे बटाट्याशिवाय ही बुरशी ज्यांवर जगू शकते अशी झाडं, पाहताना एक गंमत. धोतऱ्यावर ही बुरशी वाढते अशी नोंद आहे. धोतरा म्हटल्यावर आपल्या गावठाणातला, महादेवाला वाहायचा धोतरा डोळ्यांसमोर येतो. पण नोंद आहे ती डाट्युरा स्ट्रॅमोनियमवर. आपल्याकडे बांधावर, उकिरड्याशी जास्त दिसतात त्या डाट्युराच्याच मेटेल आणि इनॉक्सिया या जाती. बोलीतलं नाव एक, जाती अनेक. तेव्हा ‘धोतरा सगळीकडे आहे, म्हणून यजमान सगळीकडे आहे’ असं वाक्य लिहू नका. जातीनिशी लिहा.

मग पीकपद्धत. बीजाणू सात वर्षं जगतात आणि त्याच तुकड्यात दर वर्षी किंवा वर्षाआड बटाटा येतो, तर बुरशीला उपाशी राहायची वेळच येत नाही. ही एक ओळ हवामानाच्या दहा नकाशांपेक्षा बोलकी आहे.

चौथी पायरी: पसरेल कशी?

महाराष्ट्रातला बटाटा उत्पादक बियाण्यासाठी मुख्यतः पंजाबकडे, जालंधरकडे पाहतो. बियाणं उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतं, उलट फारसं नाही. आता कल्पना करा, ही काणी सातगाव पठारावरच्या एका शेतात आली. तिथला माल बाजारात आणि चिप्सच्या कारखान्यात जातो. रोग पसरेल तो ट्रॅक्टरच्या चाकांनी, बारदानाने, ओढ्याच्या पाण्याने, शेणखताने, म्हणजे बैलगाडीच्या वेगाने. तीच काणी जालंधरच्या बियाण्याच्या शेतात आली तर दोन हंगामांत ती पाच-सात राज्यांत ट्रकने पोचेल.

बुरशी तीच, पीक तेच, पण धोका एक नाही. पीआरएमध्ये ‘धोक्यातला प्रदेश’ म्हणून नकाशा काढायचा असतो. तो नुसता हवामानाचा काढला तर हा फरक दिसत नाही. म्हणून बियाण्याच्या वाहतुकीचे बाण नकाशावर काढा. माझ्या मते या रोगासाठी सर्वांत महत्त्वाचा कागद तोच.

पाचवी पायरी: नुकसान

उत्पादनातली घट सगळेच लिहितात. त्यापलीकडे पाहा. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर २०२१ मध्ये दोन शेतांत चामखीळ रोग सापडला आणि नोव्हेंबरमध्ये तिथून अमेरिकेला जाणारा ताजा बटाटा थांबला. पीक उत्तम होतं, गोदामं भरलेली होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीचं दार उघडलं ते २०२२च्या एप्रिलमध्ये. नुकसान रोगाने केलं नाही, बंद दाराने केलं.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. दार्जिलिंगमध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला चामखीळ रोग सापडला, १९५९ मध्ये देशांतर्गत क्वारंटाइन लागलं आणि तो रोग आजही तिथे आहे. निलगिरीत १९६१ मध्ये बटाट्याचा सोनेरी सूत्रकृमी सापडला. पुढे असा सूत्रकृमी हिमालयातही आढळला, आणि २०१८ मध्ये हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीरमधून बियाण्याचा बटाटा बाहेर नेण्यावर बंदी आली. जमिनीतला शत्रू आला की जात नाही. खर्चाच्या रकान्यात एक वर्ष नको, पंधरा-वीस वर्षं धरा.

‘दक्षिण अमेरिकेतला रोग इथवर कशाला येतो’ असं कुणी म्हणालं तर गव्हाचा ब्लास्ट दाखवा. ब्राझीलमध्ये १९८५ मध्ये पहिल्यांदा दिसलेली ती बुरशी २०१६ मध्ये बांगलादेशात सुमारे १५,००० हेक्टरांवर उगवली. जनुकीय तपासात तिचं नातं दक्षिण अमेरिकेशीच निघालं. २०१७ मध्ये पश्चिम बंगालला सीमेलगतच्या मुर्शिदाबाद आणि नदिया जिल्ह्यांत गहू पेरणंच थांबवावं लागलं.

सहावी पायरी: बेरीज, आणि खात्रीचा रकाना

बरेच जण प्रत्येक पायरीला एक ते पाच गुण देतात आणि गुणाकार करतात. हे मला पटत नाही. ‘मध्यम’ला तीन आणि ‘जास्त’ला चार म्हटलं म्हणून ते किलोसारखे मोजता येत नाहीत. त्याऐवजी दोन साधे नियम वापरा. एकाच रस्त्यावरच्या पायऱ्या साखळीसारख्या असतात, तिथे सर्वांत कमजोर कडी निकाल ठरवते. वेगवेगळे रस्ते मात्र गळक्या छपराच्या भोकांसारखे असतात, तिथे सर्वांत मोठं भोक निकाल ठरवतं.

प्रत्येक उत्तराशेजारी खात्रीचा रकाना ठेवा: पुरावा भक्कम, बरा की तोकडा. महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून मी भरला तर असा भरीन. परवानगीने येणारं बियाणं: येण्याची शक्यता कमी, पुरावा बरा. प्रवाशाची बॅग: शक्यता कमी, पुरावा तोकडा. रुजणं: मध्यम ते जास्त, पुरावा बरा. पसरणं: पठारावर हळू, बियाण्याच्या पट्ट्यात वेगाने, पुरावा बरा. नुकसान: जास्त, पुरावा भक्कम. येण्याची शक्यता कमी असूनही शेवटचा रकाना इतका जड आहे, की फाटक उघडं ठेवता येत नाही.

सातवी पायरी: उपाय

जागतिक व्यापार संघटनेच्या एसपीएस करारानुसार (अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींच्या आरोग्याबद्दलचा करार) उपाय शास्त्रावर आधारलेला आणि गरजेपुरताच असावा लागतो. ‘सगळंच बंद करा’ हे टिकत नाही. प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारा: हा साखळीची कोणती कडी तोडतो?

बटाटा धुतला तर माती जाते, गाठीतली बुरशी राहते. बुरशीनाशकात बुडवला तरी औषध गाठीच्या पोटात नीट पोचत नाही. नुसत्या तपासणीचं गणित वर पाहिलंच. उरतात ते खरे उपाय: रोग असलेल्या देशातून कंदाऐवजी नळीतली रोपं किंवा संरक्षित जागेतले मिनिट्यूबर, म्हणजे बियाण्याचे छोटे कंद, घेणं, रोगमुक्त क्षेत्रातलाच माल घेणं आणि आल्यावर वेगळ्या, बंदिस्त जागेत एक पूर्ण हंगाम वाढवून कंद कापून पाहणं. शेवटचा उपाय वेळखाऊ आहे. पण जो रोग काढणीलाच दिसतो, त्याला काढणीपर्यंत थांबल्याशिवाय इलाज नाही.

अहवालाच्या शेवटी तारीख घाला आणि तो पुन्हा कधी उघडायचा तेही लिहा: नव्या देशात रोगाची नोंद झाली, आयातीच्या आकड्यात नवा देश दिसला किंवा बियाण्याचा नवा पट्टा तयार झाला तर.

आणि एक पान शेतासाठी वेगळं, सोप्या भाषेत. काढणीत अनोळखी गाठीचा बटाटा आला तर तो एक कापून फोटो काढा, मग तो आणि बाकीचे गाठीचे बटाटे दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्याच शेतात ठेवा. फावडं, बूट तिथेच धुवा. कृषी विज्ञान केंद्राला किंवा तालुका कृषी कार्यालयाला शेतावर बोलवा, नमुना घेऊन एसटीने निघू नका. त्या वाफ्यातला माल इतर ढिगात मिसळू नका. आणि गाठीचे बटाटे म्हशीपुढे टाकू नका.